ओझरचे घर आणि वकिलाची पायरी

ओझर म्हटले की आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढे कुकडीकाठचे विघ्नेश्वराचे देवालय उभे राहील. परंतु अष्टविनायकांतील ते ओझर पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात आहे. आम्ही ज्याविषयी लिहीत आहोत ते ओझर नाशिक जिल्ह्यातील; निफाड तालुक्यात, बाणगंगेच्या काठी, नाशिकपासून सुमारे वीस किलोमीटरांवर मुंबई-आग्रा महामार्गालगत वसलेले. नावाची व्युत्पत्ती मोठी रम्य आहे. हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात 'निर्झर' ह्या संस्कृत शब्दाचे 'ओज्झर' असे एक रूप नोंदविले आहे. तेव्हा ओझर म्हणजे झऱ्याचे गाव असे मानावयास हरकत नसावी. दोन्ही ओझरे नदीकाठचीच आहेत. मात्र जुन्नरकडील ओझरास विघ्नहर्ता स्वतः बसलेला आहे; आमच्या ह्या ओझरास घर घ्यावयास येणाऱ्याने आपल्या विघ्नांचा परिहार आपणच करावयाचा असतो. तो कसा करावा, आणि त्यासाठी वकील करावा की न करावा, हा प्रश्न गेल्या मार्गशीर्षात आमच्या कुटुंबापुढे उभा राहिला, व त्या निमित्ताने ह्या गावी आमच्या तीन-चार खेपा झाल्या.

निमित्त असे की, आमचा पुतण्या तेथील विमानांच्या कारखान्यात नोकरीस आहे. आमचे धाकटे बंधू गतवर्षी सेवानिवृत्त झाले व त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आली. मुलाजवळ ओझरासच एक घर घ्यावे, सुट्टीत सर्व भावंडांनी व नातवंडांनी तेथे एकत्र जमावे, असा त्यांचा मनोदय. रक्कम थोडी नव्हे, आणि ती पुन्हा मिळावयाची नव्हे. पस्तीस वर्षांच्या चाकरीचे जे काही उरले ते एवढेच. तरी वकिलाचे नाव काढताच बंधू म्हणाले, "दादा, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तुम्हीच आम्हांला लहानपणी सांगत होता. घर घ्यायला वकील कशाला? सरकारी कचेरीत दस्त नोंदला की घर आपले. वकिलाच्या फीमध्ये स्वयंपाकघराचा ओटा होईल."

आमचे म्हणणे असे की, कोर्टाची पायरी निराळी व वकिलाची पायरी निराळी. पुष्कळ वेळा दुसरी आधी चढली म्हणजे पहिली चढावी लागत नाही. परंतु घरातील वाद घरात बसून मिटत नसतात. म्हणून बंधू, भावजय व आम्ही असे तिघेही गाव पाहावयास निघालो.

नाशिक सोडून आडगाव मागे टाकले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंस द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. पुढे 'दहावा मैल' नावाचा थांबा लागतो. मैल जाऊन किलोमीटर आले, दोनपदरी सडकेचा मोठा महामार्ग झाला, पण लोकांच्या तोंडचा दहावा मैल काही हलला नाही. मार्गशीर्षातील सकाळची थंडी, बागांतून फवारणीचे चाललेले काम, आणि मधूनच आभाळ फाडीत जाणाऱ्या विमानाचा कर्कश आवाज. त्या आवाजाने आम्ही दचकलो, पण बांधावर बसलेल्या म्हाताऱ्याने मानही वर केली नाही. साठ वर्षांची सवय ती.

१९६२ सालच्या चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण देशाचे संरक्षणमंत्री झाले. १९६३ साली ते नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. आणि १९६४ साली मिग विमाने बांधण्याचा कारखाना ओझरास निघाला. हाच हिंदुस्थान एअरोनॉटिक्स कंपनीचा नाशिक विभाग. गावाचे नाव तेव्हापासून 'ओझर मिग' असेच लोकांच्या तोंडी बसले. मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी वायुसेनेच्या सेवेतून निवृत्त झाली. त्याच्या पुढच्याच महिन्यात येथे बांधलेल्या पहिल्या तेजस विमानाने उड्डाण केले. मधल्या काळात सुखोई विमानेही येथेच बांधली गेली. नाव मात्र मिगचेच राहिले आहे, आणि ते राहीलसे दिसते.

कारखाना आला त्याबरोबर वसाहत आली, धावपट्टी आली, वायुसेनेचे दुरुस्ती केंद्र आले, व ह्या सर्वांसाठी शेतजमिनींचे संपादन झाले. नोकरीसाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. त्यांतील कित्येकांस हे कोरडे, थंड हवेचे गाव मानवले. निवृत्तीनंतर वसाहतीतील घर सोडावे लागते, तेव्हा त्यांनी जवळपासच भूखंड घेतले, जोडघरे बांधली, सदनिका घेतल्या. पूर्वीच्या ग्रामपंचायतीची आता नगरपरिषद झाली आहे. ह्या सर्वांचा आमच्या प्रश्नाशी संबंध नाही असे वाचकांनी समजू नये. संबंध आहे, व तो निकटचा आहे.

जुने गावठाण अद्याप जागच्या जागी आहे. खंडेरावाचे मंदिर आहे. चंपाषष्ठीस येथे मोठी यात्रा भरते व बारा गाडे ओढण्याचा सोहळा होतो. आम्ही दुसऱ्या खेपेस गेलो तेव्हा यात्रा नुकतीच आटोपली होती, आणि भंडाऱ्याने पिवळे झालेले रस्ते अजून पुरते धुतले गेले नव्हते. त्या गल्ल्यांतून हिंडताना आम्हांस विज्ञानेश्वराची आठवण झाली. याज्ञवल्क्यस्मृतीवरील आपल्या मिताक्षरा टीकेत भूमीच्या हस्तांतराविषयी त्याने एक जुने वचन दिले आहे. त्याचा आशय असा की, भूमी सहा गोष्टींनी एकाकडून दुसऱ्याकडे जाते: गावाची अनुमती, ज्ञातींची अनुमती, शेजाऱ्यांची अनुमती, दायादांची अनुमती, आणि सुवर्ण व उदक ह्यांचे दान. विज्ञानेश्वर नुसते वचन देऊन थांबत नाही. अनुमती कशासाठी, हेही सांगतो. गावाची अनुमती, व्यवहार सर्वांस कळावा म्हणून. शेजाऱ्याची, पुढे सीमेवरून तंटा पडू नये म्हणून. ज्ञाति-दायादांची, हे कुटुंब विभक्त की अविभक्त असा संशय मागाहून निघू नये म्हणून. गावाने नाही म्हटले तर विक्रीच होत नाही, असा त्याचा अर्थ नाही. चार लोकांस ठाऊक असावे, एवढाच हेतू आहे.

बाराव्या शतकातील ह्या पंडिताने आजच्या वकिलाचे टिपणच लिहून ठेवले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. वर्तमानपत्रातील जाहीर सूचना ही गावाची अनुमती. भूमी अभिलेख खात्याची मोजणी व चतुःसीमा ही शेजाऱ्याची. वारसांची संमती व हक्कसोड ही दायादांची. फरक इतकाच की, त्या काळी हे सर्व ज्ञान गावाच्या पारावर फुकट मिळत असे. अमक्याचा वाडा गहाण आहे, तमक्याची सून माहेरी निघून गेली आहे, फलाण्याचा बांध शेजाऱ्याने हातभर आत सरकवला आहे, हे गावात कोणास ठाऊक नसे? परंतु ज्या गावी घेणारा भिलाईहून आलेला, देणारा पुण्यास राहणारा, आणि मध्यस्थ कालपरवा दुकान थाटलेला, त्या गावी पारावर विचारणार कोणास? पाराचे काम कोणी तरी पैसे घेऊन करावे लागते. आमच्या मते घर घेताना वकील करावयाचा तो एवढ्यासाठी. भांडण्यासाठी नव्हे.

परस्परांवर विश्वास असणाऱ्या माणसांसही लेख लागतो, हे ह्याच गावाने एका वेगळ्या प्रकरणात दाखवून दिलेले आहे. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटी असल्याने ओझरच्या शेतांस पाणी पोचत नसे. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व भरत कावळे ह्यांच्या पुढाकाराने १९९१ च्या सुमारास शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या, पाटबंधारे खात्याशी लेखी करार केला, व पाणी मोजून घेऊन आपसांत वाटले. देशभरातून लोक हा प्रयोग पाहावयास येत. ते सारे एकाच गावचे, एकमेकांचे सोयरे. तरी त्यांनी 'शब्दावर' काम ठेवले नाही.

आता बंधूंच्या मुख्य आक्षेपाकडे वळू. सरकारी कचेरीत दस्त नोंदला की घर आपले झाले, हा समज आमच्या सुशिक्षित घरांतूनही खोल रुजलेला आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये व त्यावरील किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, हे खरे. नुसत्या साठेखताने मालकी येत नाही. कुलमुखत्यारपत्रावर घेतलेल्या घराची मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली पुन्हा स्पष्ट केले. परंतु नोंदणीवाचून मालकी जात नाही, ह्यावरून नोंदणी झाली म्हणजे मालकी आलीच, असा निष्कर्ष काढणे हा तर्कदोष आहे. दुय्यम निबंधक मुद्रांक शुल्क पाहतो, माणसांची ओळख पाहतो, छायाचित्र व अंगठ्याचा ठसा घेतो. देणारा खरोखर मालक आहे की नाही, ह्याचा निवाडा तो करीत नाही, व तो त्याचा अधिकारही नव्हे. तामिळनाडूने असा अधिकार नियमाने दिला होता, तो एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. ज्याच्या हाती मालकी नाही त्याने विक्री नोंदवून दिली, तर घेणाऱ्याच्या हाती नोंदवलेला कागद येतो. घर येत नाही.

दुसऱ्या देशांत ही गोष्ट निराळी आहे. रॉबर्ट टॉरेन्स ह्यांनी १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात जी पद्धती सुरू केली, तीत सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव तो मालक, अशी हमी सरकारच देते. इंग्लंडातही आता बहुतेक जमीन अशा हमीच्या नोंदवहीत आली आहे. तरी तेथील सामान्य गृहस्थ कायदेतज्ज्ञावाचून घर घेत नाही. पूर्वी हे काम केवळ वकिलांचे होते. १९८५ च्या कायद्याने ती मक्तेदारी मोडून ह्या कामापुरते परवानाधारक निराळे निर्माण केले. फ्रान्समध्ये तर सरकारनियुक्त नोतेर ह्याच्यावाचून विक्रीचा लेख होऊच शकत नाही. आमच्याकडे सरकारची हमीही नाही व वकिलाची सक्तीही नाही. सातबाराचा उतारा, मालमत्ता पत्रक, फेरफार हे महसुलाचे कागद. खोटे ठरेपर्यंत ते खरे धरले जातात, एवढेच. शिवाय १८८२ चा कायदा विक्रेत्यास सांगतो की, मालमत्तेतील जो दोष घेणाऱ्यास साधारण काळजीने कळण्यासारखा नाही, तो उघड कर. म्हणजे साधारण काळजीने कळण्यासारखा जो आहे, तो घेणाऱ्यानेच शोधावयाचा. आणि नोंदणीकृत लेख असला की तो त्यास ठाऊक होता, असेच कायदा धरून चालतो. मग वाचले नव्हते, ही सबब चालत नाही. आम्ही चाळीस वर्षे विद्यार्थ्यांची ही सबब ऐकली नाही. कायदाही ऐकत नाही.

इतके ऐकून बंधू म्हणाले, "बरे, आधी घरे तर पाहू." हे त्यांचे म्हणणे रास्त होते.

पहिले घर गावठाणातील जुने माडीचे. भिंती दोन हात रुंद, देवघर प्रशस्त. भावजयीच्या ते मनात भरले. मालकीचा कागद म्हणून यजमानांनी घरपट्टीची पावती व ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा पुढे केला. घरपट्टी तीन पिढ्या त्यांच्याच नावे. परंतु नमुना आठ ही कर-आकारणीची वही. जो राहतो त्याच्याकडून कर घ्यावा, एवढाच तिचा हेतू. गावठाणांतील घरांस पक्की मालमत्ता पत्रके मिळावीत म्हणून २०२० साली स्वामित्व योजना निघाली व विमानासारख्या ड्रोन यंत्रांनी गावठाणांच्या मोजण्या सुरू झाल्या, हे चांगले झाले. तरी अशा घरांस किती चुलते-पुतणे वारस आहेत हे पत्रकावरून नेहमीच उमगत नाही. त्या घराच्या मागल्या पडवीत एक निराळी चूल पेटलेली होती, एवढे आम्ही पाहिले व चहा घेऊन उठलो.

दुसरी जागा एका दलालाने दाखविली. गावाबाहेर, द्राक्षबागेच्या कडेस, चुन्याच्या रेघांनी आखलेले दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे. किंमत आश्चर्यकारक कमी. "पाचशेच्या स्टँपवर लिहू, नोटरी करू, साहेब. वकील-बिकील काही लागत नाही," असे तो उत्साहाने म्हणाला. नोटरी व नोंदणी ह्या दोन शब्दांतील पहिली अक्षरे सारखी आहेत, ह्यापलीकडे त्यांचे काही नाते नाही. नोटरी सही कोणाची त्याची साक्ष देतो. त्याने मालकी हलत नाही. बरे, नोंदणी तरी का नको? तर महाराष्ट्रात १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. २०२३ सालापासून बागायतीस दहा गुंठे व जिरायतीस वीस गुंठे असे किमान क्षेत्र ठरलेले आहे. राहत्या वस्तीतील जुन्या तुकड्यांस शासनाने २०२५ साली मोठी सवलत दिली. परंतु सवलत कोणत्या जागेस, कोणत्या तारखेपूर्वीच्या तुकड्यास, हे पाहावे लागते, आणि शेतातील ह्या चुन्याच्या रेघा तर गेल्याच महिन्यातील दिसत होत्या. शिवाय शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी, हा कुळकायद्याचा नियम निराळाच. आमचे घराणे तीन पिढ्यांत नांगरास शिवलेले नाही. येथे वकिलाचीही जरूर नव्हती. नमस्कार करून परत येणे पुरे होते. ज्या व्यवहारात देणाराच वकील नको म्हणतो, तो व्यवहार सोडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिसरी एक सदनिका, नव्या इमारतीत. ह्या बाबतीत २०१७ पासून परिस्थिती बरीच सुधारली आहे, हे मान्य केले पाहिजे. महारेराकडे नोंदलेल्या बांधकामाचे कागद कोणासही घरबसल्या वाचता येतात. त्यांत जमिनीच्या मालकीविषयी वकिलाचा अहवालही असतो. नोंदणीकृत करार केल्यावाचून बांधकाम करणाऱ्यास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही. विमानतळाच्या आसपास इमारतीच्या उंचीस मर्यादा असते. त्याची परवानगी आहे की नाही, हे ओझरास विशेष पाहिले पाहिजे. परंतु हे सर्व वाचावयास सवड व चिकाटी असेल, तर अशा सदनिकेसाठी वकील केलाच पाहिजे असे आम्ही म्हणणार नाही. कराराचा मसुदा तासभर एखाद्या जाणत्यास दाखवावा, म्हणजे भागते. मात्र तो अहवाल बांधकाम करणाऱ्याच्या वकिलाने लिहिलेला असतो, हे विसरू नये. पुष्कळांस वाटते, कर्ज देणारी बँक आपल्या वकिलाकडून कागद तपासून घेते, मग आपण पुन्हा कशास? बँकेचा वकील बँकेचे कर्ज सुरक्षित आहे की नाही, एवढे पाहतो. भिंतीपलीकडच्या वाटेचा हक्क तुम्हांस आहे की नाही, ह्याची चिंता त्यास नसते. आणि आमच्या बंधूंसारखा जो रोखीने घेतो, त्याच्यासाठी तर तेवढेही कोणी पाहत नाही.

मनात भरले ते चौथे घर. बाणगंगेच्या बाजूस, बिनशेती भूखंडावर, एका बागायतदाराने स्वतः बांधलेले; पुढे अंगण, मागे लिंबाचे झाड, मुलाच्या कारखान्याचा रस्ता जवळ. बागायतदार २००९ साली वारले. त्यांच्या पत्नी व दोन मुलगे राहत होते. मुलांस व्यापारासाठी नाशिकला जावयाचे होते. माणसे सालस. थोरला मुलगा आम्हांस 'गुरुजी' म्हणे. किंमत ठरली, आणि संध्याकाळी लगेच इसार द्यावा असे बंधूंच्या मनाने घेतले, कारण दुसरे एक गिऱ्हाईक येऊन गेल्याचे कळले होते.

येथे आम्ही वडीलपणाचा अधिकार वापरला. वकील करावयाचा तर इसारापूर्वी. पैसे देऊन झाल्यावर वकिलाकडे जाणारा मनुष्य सल्ला घेत नाही, सांत्वन घेतो. नाशिकच्या एका वकिलांकडे गेलो. जमिनीच्याच व्यवहारांत त्यांचे केस पांढरे झालेले आहेत. फी त्यांनी आधी ठरवून सांगितली. दलाल शेकडा जे मागत होता त्याहून ती पुष्कळच कमी निघाली. दलालाचे पैसे देताना आमच्या बंधूंनी कपाळास आठी घातली नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे.

वकिलांचे काम आम्ही जवळून पाहिले. निफाड तालुक्यातील नोंदणीच्या सूचींचा तीस वर्षांचा शोध त्यांनी घेतला. अलीकडील वर्षांचा शोध सरकारी संकेतस्थळावर घरबसल्याही घेता येतो, पण जुन्या वह्यांसाठी माणूस जावा लागतो. एकेक फेरफार मागे-मागे वाचीत ते मूळ खरेदीपर्यंत गेले. सातबाराच्या 'इतर हक्क' ह्या लहानशा रकान्यावर त्यांनी सर्वांत अधिक वेळ घालविला. बँकेचा बोजा, विहिरीतील हिस्सा, वाटेचा हक्क, कुळाची नोंद, सारे तेथे दडलेले असते. जमीन भोगवटादार वर्ग दोनची आहे काय? कुळकायद्याने मिळालेली, विकण्यास बंधन असलेली आहे काय? आदिवासी खातेदाराची आहे काय? दिंडोरी-पेठचा आदिवासी प्रदेश येथून फार दूर नाही, व अशी जमीन परवानगीवाचून बिनआदिवासी माणसास घेता येत नाही. ह्यांपैकी काही निघाले नाही. मूळ खरेदीखत प्रत्यक्ष पाहावयास मागा, झेरॉक्स नको, असे त्यांनी बजावले. कारण मूळ कागद सावकाराकडे किंवा बँकेत ठेवून गहाण देता येते, आणि ते नेहमीच उताऱ्यावर उमटत नाही.

तरी ह्या प्रकरणातील खरी गाठ वकिलांनी शोधली नाही. ती आमच्या भावजयीने शोधली. पुरुषमंडळी अंगणात भाव करीत होती तेव्हा ती स्वयंपाकघरात त्या आजींजवळ बसली होती. आजी म्हणाल्या, "लेक दिंडोरीला दिली आहे. भाऊबीजेला आली होती, या लिंबाचं लोणचं तिनंच घातलंय." हे तिने परतताना सहज सांगितले. आम्ही वकिलांस सांगितले, तेव्हा त्यांनी चष्मा वर केला व वारसाचा फेरफार पुन्हा काढला. त्यात नावे तीनच: विधवा व दोन मुलगे. लेकीचे नाव नव्हते.

संयुक्त कुटुंबात वाढलेल्या आमच्या वाचकांनी ह्या ठिकाणी अंमळ थांबावे, अशी विनंती आहे. भूखंड बापाने स्वकष्टाने घेतलेला, मृत्युपत्र केलेले नाही. तेव्हा १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणेच पत्नी, दोन मुलगे व मुलगी असे चार समान हिस्से. लेकीचा पाव हिस्सा. हे नवीन काही नव्हे, सत्तर वर्षांचे जुने आहे. वडिलार्जित मालमत्तेत मुलीस जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, तो त्यापुढे लग्न होणाऱ्या मुलींस. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो सर्वच मुलींस आला. आणि बाप २००५ साली हयात असो वा नसो, हक्क आहेच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरविले. फेरफारात नाव न लागल्याने हक्क जात नाही. भावांनी घर विकले तर त्यांचा व आईचा हिस्सा विकला जातो, बहिणीचा विकला जात नाही. उद्या तिने वा तिच्या मुलांनी दावा लावला, तर आमचे बंधू पाऊण घराचे धनी, व त्यांच्या अंगणात एक परकी भागीदारीण. तिचा तरी दोष काय?

थोरल्या मुलास हे सांगितले तेव्हा त्यास राग आला. आम्हांस त्याचे नवल वाटले नाही. "गुरुजी, तुमचा आमच्या शब्दावर भरवसा नाही का? बहिणीने आजपर्यंत काही मागितले नाही," तो म्हणाला. आम्ही म्हणालो, "तिने मागितले नाही हे आम्हांस मान्य आहे. पण तिने सोडले आहे, असे तरी कोठे लिहिले आहे?" धाकटा म्हणाला, तिची सही घेऊ, हक्कसोड करून घेऊ, त्यात काय. वकिलांनी शांतपणे सांगितले की हक्कसोड होऊ शकते, नोंदवावी लागेल. परंतु त्यांचा सल्ला निराळा होता. खरेदीखतावर चौघांनीही विक्रेते म्हणून सही करावी आणि किमतीचा चौथा हिस्सा त्या बाईंच्या स्वतःच्या खात्यात जावा. दबावाने घेतलेली हक्कसोड पुढे मोडता येते. मोबदला घेऊन दिलेली विक्री सहसा मोडत नाही.

त्या रात्री आमच्या घरात मोठी चर्चा झाली. बंधूंस दुसऱ्या गिऱ्हाइकाची भीती. पुतण्या म्हणाला, काका, एवढे कशाला ताणता, हक्कसोडीवर भागत असेल तर भागवू. भावजय सहसा अशा बोलण्यात पडत नाही, ती एवढेच म्हणाली, "ज्या घरातून एका बाईचं नाव पुसलंय, त्या घरात मला देव मांडायचे नाहीत." तिच्या माहेरच्या वाड्याची हकीकत आम्हांस ठाऊक होती, म्हणून कोणी पुढे बोलले नाही.

दुसरे गिऱ्हाईक आले, पण त्याच्या वकिलानेही तोच प्रश्न विचारला, असे पुढे समजले. मग थोरला मुलगा स्वतः दिंडोरीस जाऊन आला. बहीण सही करावयास तयार आहे. मात्र मसुदा आपल्या जावयास वाचून दाखवीन, आणि हिस्सा धनादेशाने माझ्या नावे हवा, असे तिने सांगून पाठविले. संक्रांतीनंतर ती ओझरास येणार आहे. वारसाचा फेरफार दुरुस्त करण्याचा अर्जही तलाठ्याकडे गेला आहे. त्या अधिकाऱ्यास हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून तलाठीच चालते. तोवर बंधूंनी इसार दिलेला नाही. वकिलांनी आपली फी मात्र घेतली. ती देताना बंधूंनी ओट्याचे नाव काढले नाही.